लोहदत्ताचा तिसरा डोळा

३ मार्च १९८५, रविवार

आज आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी मिळाली. ती सुक्या बांगड्याच्या पुडीवर होती. अक्काने (मोठी बहीण, कावेरी) बांगडे काढून घेतले आणि कागद चुलीत टाकणार एवढ्यात मी झडप घातली. मुंबईचा पेपर, बराच जुना. 'धूमकेतू पथक' या लोकप्रिय चित्रमालेवर हिंदीत भव्य चित्रपट निघत आहे. पुढचा मजकूर माशाच्या खारात विरघळला.

अक्का म्हणाली, "बांगडो पडलो असतो हातातलो. वाघ मागे लागलो काय तुझ्या?"

नोंदीसाठी लिहून ठेवतो. धूमकेतू पथक म्हणजे सोनपरी चहाच्या पुड्यांतून निघालेली साठ चित्रे. पुढे चित्र, मागे गोष्ट. मी सातवीपासून जमवली आणि पूर्ण केली. पूर्ण संच असलेला दुसरा माणूस या जिल्ह्यात नाही. (चौकशी केलेली नाही.) पथकात कॅप्टन मनस्वी, दोन शास्त्रज्ञ आणि यंत्रमानव लोहदत्त. लोहदत्ताला तीन डोळे आहेत. तोंड नाही. साठ चित्रांत तो एक शब्द बोलत नाही. चित्र क्रमांक अठ्ठावन्नमध्ये सर्वांना वाचवण्यासाठी तो स्वतःचे बटण स्वतः बंद करतो. ते चित्र मी अजून एका दमात बघू शकत नाही.

४ मार्च, सोमवार

बाबांना (गंगाराम) बातमी सांगितली. बाबा अर्धे आयुष्य मालवाहू बोटीवर होते, आता पडवीत असतात. माझ्या संग्रहाला ते 'चायची चित्रां' म्हणतात. मॅट्रिकला मी दोनदा बसलो त्याचे कारणही तीच चित्रे, असे त्यांचे मत आहे. (पहिल्या वेळी ताप होता.)

म्हणाले, "लवू, पिक्चर काढतत तर काढूंदेत. तू गिरणीर कधी बसतलस ता सांग."

शेजारच्या कट्टा गावी मामाची पिठाची गिरण आहे. मामाला माणूस पाहिजे. मी शांतपणे समजावले की चित्रपट काढणाऱ्यांना साठ चित्रे तोंडपाठ असलेला तज्ज्ञ लागणारच, आणि ते शोधत येतील. बाबांनी माडावरचे नारळ मोजून घेतले. मग म्हणाले, "तर मगे पिक्चर येवंदे. तुका कोण बोलवता काय बघू. नाय बोलवल्यानी तर गप पिठात जा."

म्हणजे मुदत मिळाली. संकल्प: बोलावणे आले की लगेच हो म्हणायचे नाही.

मुंबई, पैसा वगैरे मला विशेष नको. बाबांनी एकदा ती चित्रे नीट बघून 'बरां आसा' म्हणावे, एवढेच. बाबांच्या तोंडून हे दोन शब्द मी आजवर एकदाच ऐकले आहेत. एका सुरमईबद्दल.

८ मार्च, शुक्रवार

देवीला नवस बोललो. घाईत काही राहू नये म्हणून आधी कच्चा खर्डा केला, मग पक्का, मग महादू गावकराला वाचून दाखवला. देवळात गाऱ्हाणे घालायचा मान त्याच्या घराण्याचा. तो म्हणाला, "देवीक येवढ्या कलमां नको रे. मी माझ्या तोंडान सांगतंय."

नारळ ठेवला. त्याने सुरू केले: "बा देवी माउली, ह्या गंगारामाच्या झिलान, ह्या लवून, तुझ्या पायाकडे नारळ ठेवल्यान हा. तेची ती कसली चायची चित्रां आसत, तेंचो पिक्चर निघता. तो पुरो होवंदे. रंगीत होवंदे. तो लोखंडाचो माणूस तेच्यात असांदे. नि तो आमच्या मुलखात येवंदे. इलो, तर तुझ्या दारात सगळ्या गावाक दाखयतलो!"

देवळात होते तेवढे सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

घरी येऊन खर्ड्याशी ताडून पाहिले. एकही मुद्दा सुटलेला नाही.

२१ एप्रिल, रविवार

खाऱ्या हवेने चित्रांचे कोपरे वळतात. म्हणून दहा-दहा करून पाट्याखाली दाबून ठेवतो आहे. अक्काने आरडाओरडा केला: "माका वाटप करूक होया, नि हेचे आभाळातले सगळे पाट्याखाली निजलेहत!" कालवणाचे वाटण तिने शेजारी हौसाबाईकडे जाऊन वाटून आणले. आता वाडीभर झाले. लोक हसतात. हसोत. चित्रपट आला की हेच लोक अठ्ठावन्न क्रमांक बघायला आमच्या पडवीत रांग लावतील. रांग लावण्याची पद्धत ठरवून ठेवावी लागेल.

१० ऑगस्ट, शनिवार

बुरशी. एकोणिसाव्या चित्रात शनीच्या कड्यावर हिरवट डाग. कापसाने पुसला. कडेही थोडे पुसले गेले.

मामाच्या गिरणीवर एकाने सांगितले की शूटिंग बंद पडले. नटाचे आणि निर्मात्याचे भांडण. रात्री जेवण गेले नाही. बाबांनी दोन्ही पोळ्या आपल्या पानात घेतल्या आणि म्हणाले, "गिरण चालू आसा पण."

उद्या देवीला आणखी एक नारळ.

१७ नोव्हेंबर, रविवार

चित्रपट पुरा झाला! न्हाव्याच्या दुकानात मासिकात रंगीत फोटो पाहिला. नारळ लागू पडला.

फोटोत लोहदत्ताला दोनच डोळे आहेत. तिसरा मिटलेला असणार.

तोंड आहे. त्याबद्दल अजून विचार केलेला नाही.

बोलावणे आले नाही. पण हे एका अर्थी चांगलेच. आधी माझ्यावाचून करून बघतील, मग चुका कळतील, मग बोलावतील.

९ फेब्रुवारी १९८६, रविवार

तालुक्याच्या थिएटरात चित्रपट आला. पहिल्या एसटीने गेलो. पहिल्या खेळाला पहिला मी. शर्ट इस्त्रीचा.

पाहिला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल लिहिणे झाले नाही. आज मन स्थिर करून लिहितो.

शनीवर हिरवळ आहे. मधे गुलाबाचे ताटवे. एका प्रसंगात माळी दिसतो, तो पाणी घालतो आहे आणि त्याला कोणी हटकत नाही. यानाच्या दाराला आतून कडी आहे. कॅप्टन मनस्वीच्या कपाळावरचा व्रण गेला, तिथे टिळा आला. त्याला आई आहे. ती आंधळी आहे. चित्रांत आई नाही, आणि असती तर दिसली असती.

लोहदत्ताचे नाव 'लोहू'. तो म्हणजे न्हाणीतला बंब आहे. चंदेरी रंग लावला तरी खालची तोटी दिसते. तो बोलतो. तो सतत बोलतो. यमक जुळवून बोलतो. तो रॉकेल पिऊन झिंगतो आणि नायिकेच्या मावशीबरोबर नाचतो. शेवटी तो बटण बंद करतो खरा, पण मावशीने तोटीला हात लावताच पुन्हा जागा होतो आणि तेच गाणे पुन्हा होते.

तिसरा डोळा नाही. मिटलेलाही नाही. मी नीट पाहिले.

बाहेर आलो तर माणसे तेच गाणे म्हणत सायकली काढत होती. मला वाटते त्यांना धक्का बसला असावा.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा पाहिला. विचार असा होता की पहिल्या वेळी रिळे उलटसुलट लागली असतील. तसे नव्हते.

घरी कोणाला काही सांगितलेले नाही. बाबांनी विचारले, "कसो होतो?" मी म्हणालो, "तांत्रिक बाजू बघावी लागेल." आता संकल्प: विषय काढायचा नाही. थिएटरातून उतरला की चित्रपट आपोआप विसरला जाईल. बाबांनी तो पाहिलेला नाही, पाहणार नाहीत. चित्रांची अब्रू शाबूत आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

महादू गावकर आला. मला वाटले केळी मागायला आला.

म्हणाला, "पिक्चर इलो म्हणतत. देवीचो नवस कधी फेडतलस?"

मी त्याला समजावले की हा तो चित्रपट नव्हे. नाव तेच, बाकी काही नाही. तो पडवीतच बसला आणि एकेक बोट मुडपू लागला. पुरो झालो? झालो. रंगीत आसा? आसा. लोखंडाचो माणूस आसा? मी म्हणालो, बंब आहे. म्हणाला, बंब लोखंडाचोच. आमच्या मुलखात इलो? इलो. "मगे? देवीन तुझा सगळा केल्यान."

मी म्हणालो, पण तो वाईट आहे.

"बरो होवंदे म्हणान खंय सांगितलंस?"

मी खर्डा काढला. कच्चा आणि पक्का दोन्ही. पाच मुद्दे आहेत. भाषा शुद्ध आहे. चांगला असावा, हे नाही. ते सांगावे लागेल असे माझ्या मनातच आले नव्हते.

२३ फेब्रुवारी, रविवार

कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून देवीला विचारायचे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. महादूने विचारले, पिक्चराच्या बदली पाच नारळ नि केळ्याचो घड चलात काय? डावी पडली. मी म्हणालो, सात नारळ विचार. डावी. मी म्हणालो, एखादा पौराणिक चित्रपट दाखवतो. तेव्हा महादू भडकला: "देवी काय पोस्टातली बाई? खिडकीर उभो रवान परत परत इचारतस!"

मागे हौसाबाई होती. तिने वाडीत जाऊन सांगितले की देवीला स्वतःला पिक्चर बघायचा आहे.

नवस मोडता येत नाही. गाव सोडून जाता येत नाही, कारण जायला बोलावणे लागते. आणि ज्यांना मी दहा वर्षे सांगत आलो की थांबा, एक दिवस कळेल, त्या सगळ्यांना मी स्वतःच्या हाताने तो बंब दाखवायचा. बाबांनासुद्धा.

दुपारभर चित्रांच्या ट्रंकेजवळ बसून होतो. ट्रंक उघडली नाही.

२ मार्च, रविवार

तोडगा सापडला! आधी का सुचला नाही याचे आश्चर्य वाटते.

कट्ट्याला गणपत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने देतो. कॅसेट त्याच्याकडे आहे. व्हीसीआरला फॉरवर्डचे बटण असते. नवसात दाखवीन म्हटले आहे, सावकाश दाखवीन असे म्हटलेले नाही. वाईट भाग पळवायचा.

गणपतकडे बसून काय ठेवायचे ते ठरवले. उरले ते असे: सुरुवातीची नावे, एक तारांगण, कॅप्टन शिडी चढतो तो प्रसंग (तोंड दिसत नाही), आणि 'समाप्त'.

गणपत म्हणाला, "मेल्या, इतक्याक टीव्ही कित्याक नेतस? माझ्या आयशीचा हळदीकुंकू जास्त येळ चलता."

तडजोड केली. गाणी, आई आणि लोहू पळवायचे. बाकी राहू द्यायचे. गणपत म्हणाला, बाकी म्हणजे माळी.

१४ मार्च, शुक्रवार, सकाळ

आज संध्याकाळी आरतीनंतर. मन शांत आहे. साठही चित्रे ट्रंकेतून काढून पाहिली, कोपरे सपाट आहेत. खेळ झाल्यावर लोकांना कळेल की काहीतरी राहून गेले, ते विचारतील, मी खिशातून एक्कावन्न ते साठ काढीन. सगळी आणली तर गर्दी होईल.

बाबा येणार नाहीत. गुडघा दुखतो आहे.

१५ मार्च, शनिवार

बाबा आले. स्वतःचे स्टूल स्वतः घेऊन आले आणि अगदी पुढे बसले.

क्रमाने लिहितो.

देवळासमोर सगळा गाव. बायका चटयांवर, पुरुष पायऱ्यांवर, पोरे तुळशीवृंदावनावर. पहिले गाणे लागताच मी गणपतला खूण केली. त्याने बटण दाबले. पडद्यावर माणसे मुंग्यांसारखी धावायला लागली. हौसाबाई उठून उभी राहिली: "रे गणपत, धावतत कित्याक सगळी? माका त्या चेडवाची साडी बघूची आसा!" तिच्यामागून सगळ्या बायका. मी पुढे होऊन चित्रपटाच्या मूळ आशयाबद्दल दोन शब्द बोलायला सुरुवात केली, तर पायऱ्यांवरून कोणीतरी म्हणाले, "खाली बस रे, शनी दिसना नाय." महादू गावकराने निकाल दिला: देवीच्या नवसात कापाकापी नाय. पहिल्यापासून लावा.

पहिल्यापासून लागला. सगळा लागला. आईही.

लोहू रॉकेल प्यायला तेव्हा माणसे एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. मी मुद्दाम बाबांकडे पाहिले नाही. मग पाहिले. बाबा हसत होते. डोके मागे टाकून. त्यांचे खालचे दोन दात पडले आहेत हे मला ठाऊक नव्हते.

चित्रपट शेवटाला आला. लोहू बटणाकडे हात नेतो आणि लाइट गेली.

सगळीकडे काळोख, पोरांच्या शिट्ट्या. गणपत म्हणाला, आता काय सांगता येत नाही. तेव्हा महादू म्हणाला, "लवू आसा मा? लवूक पाठ आसा. लवू, पुढचा तू सांग."

समईच्या उजेडात मी उभा राहिलो. खिशातून चित्रे काढली, पण ती बघावी लागली नाहीत. एक्कावन्नपासून सांगितले. बोलणारा लोहू नव्हे, मुका लोहदत्त. यानात हवा संपत आलेली, त्याची एकट्याची वीज काढून दिली तर बाकीचे जगतील, हे त्याला कळते, आणि त्याला तोंड नसल्यामुळे तो कोणाला सांगू शकत नाही. तो कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवतो. कॅप्टनला वाटते सहज ठेवला. अठ्ठावन्न. आधी कडेचे दोन डोळे विझतात. मधला सर्वांत शेवटी.

हौसाबाईने पदर डोळ्यांना लावला. महादू म्हणाला, "अरे देवा." इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच, असे मला वाटले. मी एकोणसाठावर येणार एवढ्यात लाइट आली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाइटला.

मग मावशीने तोटीला हात लावला, लोहू ताडकन उठला आणि गाणे सुरू झाले. असा आनंद मी आमच्या देवळात कधी पाहिलेला नाही. हौसाबाई माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "मेल्या, जित्या माणसाक मारून ठेवलंस मा! माका खरांच रडाक इला. कसलो रे तू!"

घरी जाताना स्टूल माझ्याकडे होते. बाबा पुढे. वाटेत थांबून म्हणाले, "बरां आसा पिक्चर."

मी म्हणालो, बाबा, चित्रांत असे नाही. चित्रांत—

"चित्रां माका ठावक आसत. बोटीवरना सुट्टीक येय तेव्हा तू शाळेत असायचंस. सगळी बघलंय. अठ्ठावन्नाक तो आपणाक इझवन घेता. मधलो डोळो मागसून." थोडे चालले. "मी थंय दर्यात एकटो, नि हय माझो झिल ता चित्र उशाक घेवन निजता. माका नाय आवडला ता कधी. ह्या पिक्चरवाल्यांनी तेका जगवल्यानी. बरां केल्यानी."

बाबांना क्रमांक बरोबर ठाऊक आहे. डोळ्यांचा क्रमसुद्धा.

मी स्टूल दुसऱ्या हातात घेतले. या मुद्द्याचा सविस्तर विचार करायचा आहे. आज जमले नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळी नवस फेडल्याचे गाऱ्हाणे. आमच्या घरचे सगळे. महादू म्हणाला, "बा देवी माउली, ह्या लेकरान आपलो बोल पुरो केल्यान. सगळो गाव खूश झालो. तेचो मामा तेका उद्यापासून गिरणीर बसयता, थंय तेका यश दी. नि आजसून वर्सान वर्स ह्योच पिक्चर तुझ्या दारात तेच्या हातसून दाखवन घे!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

माझ्याही तोंडून गेले. मी त्या वेळी मधल्या डोळ्याचा विचार करीत होतो.

अक्काने कोपराने ढोसले: "काय बोललंस ता कळला तुका?" कळले, पण नारळ फुटला होता. महादूला बाजूला घेऊन विचारले, दर वर्षी वेगळा दाखवला तर? म्हणाला, लोकांका ह्योच होयो. मग मी विचारले, मला मुंबईला जावे लागले तर? तो खोबरे वाटत होता. त्याने एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

गिरण तूर्त तात्पुरती. तिथे दुपारी गिऱ्हाईक नसते, तेव्हा चित्रपटातल्या चुकांचे टिपण पुरे करता येईल. बोलावणे आलेच तर मार्च महिना सोडून येईन असे आधीच स्पष्ट करावे लागेल.

बाबांनी आताच सांगून ठेवले आहे: "फुडल्या वर्सा माका खांबाकडे जागो धर. परवा पुढे बसलंय, मान दुखली. थंयसून नाच बरो दिसतलो."